माननीय सदस्यांचा अपमान

निवेदनाचा कागद अध्यक्षांच्या कार्यालयातून परत आला, तेव्हा त्यातला मधला परिच्छेद गायब होता आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला होता. आपण पाणी आणायला आत जावं आणि पाहुण्यानं तेवढ्यात आपल्याच खुर्चीत बूड टेकावं, तसा.

खासदार सेफाकोरनं तो जिन्यातच उभ्याउभ्या वाचला. पुन्हा वाचला. तिचे कान तापले.

तिनं लिहिलं होतं, ‘बोटीवर तरंगणारी जाकिटं होती. त्यांच्यावर माझा फोटो आणि माझ्या पक्षाचे रंग छापलेले होते, म्हणून ती कुणी घातली नाहीत. नवी जाकिटं कोरी द्यावीत आणि सगळ्या बोटींना द्यावीत.’

आता तिथं होतं, ‘काही बेजबाबदार स्थानिक रेडिओ केंद्रांनी शासनाच्या सुरक्षा साधनांची टिंगल केल्यामुळे हा अनर्थ ओढवला. अशा केंद्रांवर कठोर कारवाई व्हावी, अशी मी विनंती करते.’

‘मी’ म्हणे. ‘करते’ म्हणे. बाईचं क्रियापदसुद्धा न विसरता घातलं होतं.

पक्षाचा मुख्य प्रतोद इद्रिसू आपल्या खोलीत भाजलेले शेंगदाणे सोलत बसला होता. उत्तरेकडचा माणूस, आवाज मऊ. कुणाला कधी रागावून बोलायचा नाही. ज्याचं तिकीट कापायचं त्याच्याही तब्येतीची आधी चौकशी करायचा.

“इद्रिसू, हे मी लिहिलेलं नाही.”

“बसा, ताई. दाणे घ्या.”

“दाणे राहू देत. हे कुणी लिहिलं?”

“लिहिलं कुणी का असेना, वाचायचं तुम्हाला आहे. आणि खोटं काय आहे त्यात, सांगा बरं. तुमच्या त्या रेडिओवालीनं टिंगल केली का नाही?”

“केली.”

“मग झालं तर.”

“टिंगल कशाची केली, तेही लिहा ना मग.”

“ते लिहिलं की वाद होतो.” इद्रिसूनं टरफलं फुंकली. “निवेदनावर वाद करता येत नाही, हा सभागृहाचा नियम आहे. नियम मी नाही केला. तुम्ही दुःख व्यक्त करायचं, बाकीच्यांनी मान हलवायची, मिनिटभर उभं राहायचं, संपलं. आणि हो, मंत्रीसाहेबांनी नवीन जाकिटं मंजूर केलीत. छपाईला गेलीसुद्धा. कानेशीच्या छापखान्यात.”

“छपाईला?”

“या वेळी तुमच्या शेजारी साहेबांचाही फोटो आहे. म्हणजे सगळी जबाबदारी तुमच्या एकटीवर नको.”

हा माणूस थट्टा करत नव्हता, हेच वाईट होतं. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण हिच्यावर उपकार करतो आहोत.

झेमे मतदारसंघातलं झेमेकोपे हे तिचं गाव, व्होल्टा तळ्याच्या काठी. धरण बांधलं तेव्हा सरकारनं जंगल न तोडताच पाण्याखाली घातलं. ती झाडं अजून तशीच उभी आहेत, वठलेली, लोखंडासारखी टणक, पाण्याच्या पातळीच्या वीतभर खाली. बोटवाल्यांना बहुतेक खुंट तोंडपाठ असतात. पण यंदा पाणी उतरलं आणि खालच्या रांगेतले खुंट वर आले. बेटावरून निघालेली बाजाराची बोट असल्याच एका खुंटावर फाटली. नऊ मुलं गेली, दोन बाया गेल्या. जाकिटं बोटीच्या फळ्यांखाली सापडली, दोरीनं बांधलेली, गाठसुद्धा न सोडलेली. प्रत्येकावर जांभळे-पिवळे पट्टे आणि मधोमध सेफाकोर, हसणारी.

तो फोटो तिनंच निवडला होता. चार फोटोंतून. दातांतली फट दिसणार नाही असा.

जाकिटं वाटली ती निवडणुकीच्या आधी, आणि वाटली तीही फक्त आपला झेंडा लावलेल्या बोटींना. मग बोंब झाली, तेव्हा उरलेली बाकीच्या बोटींत नेऊन टाकली. विरोधी हिरव्या पक्षाच्या बोटवाल्यांनी घेतली, ‘थँक्यू’ म्हणाले आणि फळ्यांखाली सारली. ती घालून मिरवलं असतं तर हिरव्या पक्षानं त्यांना वाळीत टाकलं असतं. आमच्याकडे शर्टाच्या रंगावरून लग्नं मोडतात. जाकीट तर छातीवर घालायचं असतं.

आणि तशात आकुवी.

आकुवी झेमे रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करायची. मासे भट्टीवर चढवून यायची आणि हात धुऊन माइकसमोर बसायची. अख्खा काठ तिच्या आवाजावर उठायचा. कुणाची बकरी हरवली, कुणाच्या घरी गमी झाली, सरकारी लाँच आजही का आली नाही, हे सगळं तिच्याच तोंडून कळायचं. ती आणि सेफाकोर एका अंगणात वाढलेल्या, एका बाकावर बसलेल्या. पुढं एक जांभळी-पिवळी झाली आणि एक हिरवी. जाकिटं आली त्या सकाळी आकुवी रेडिओवर म्हणाली होती, “बायांनो, रोजच्या नवऱ्याला छातीशी धरायचं तरी मी दोनदा विचार करते. या सेफाकोरला कशाला धरू?”

काठ हसून लोळला. सेफाकोरही गाडीत ऐकत होती; तीही आधी हसली होती, मग तिला लागलं होतं. धक्क्यावरची पोरं ते वाक्य आठवडाभर ओरडत फिरत होती. त्या पोरांत आकुवीची मुलगी एलिकेमही होती. तेरा वर्षांची. सुट्टीला बेटावर आजीकडे गेली होती आणि शाळेचे कपडे शिवायला टाकायचे म्हणून त्याच बोटीनं परत येत होती.

पाण्यात गेलेल्या माणसाला गावात आणत नाहीत. काठालाच, वस्तीच्या बाहेर, त्याच दिवशी पुरतात. ढोल नाही, गाणं नाही. सेफाकोर पोचली तेव्हा माती लोटून झाली होती. आकुवी लाल कापड गुंडाळून उभी होती. आपली माणसं असल्या मरणानं गेली की आम्ही लालच नेसतो. सेफाकोरनं तोंड उघडलं तशी ती म्हणाली, “काही बोलू नकोस. कोरी जाकिटं आण. शाळा उघडायच्या आत आण. एवढंच कर आणि मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस.”

शाळा मंगळवारी उघडणार होती. बेटावरची सगळी मुलं त्याच पाण्यातून, त्याच खुंटांवरून येणार होती. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी राजधानीतून येऊन, परवान्याचं नूतनीकरण झालेलं नाही म्हणून झेमे रेडिओला कुलूप ठोकून गेलं होतं. शेजारच्या तालुक्यातल्या जांभळ्या-पिवळ्या रेडिओचा परवाना किती वर्षांचा शिळा आहे, हे सेफाकोरला चांगलं माहीत होतं.

“वाचाल ना, ताई?” इद्रिसूनं विचारलं.

“बघते,” ती म्हणाली.

“बघू नका. वाचा.”

*

प्रार्थना झाली, चांदीचा राजदंड जागेवर ठेवला गेला, अध्यक्ष बसले. सेफाकोरनं वर पाहिलं. प्रेक्षक गॅलरीत, शाळेच्या सहलीच्या मागच्या रांगेत, लाल कापड.

आकुवी आली होती. आदल्या संध्याकाळीच निघून ट्रोट्रोच्या, त्या गच्च भरलेल्या मिनीबसच्या, दाटीत अंग आंबवत आली असणार. तिला पास कुणी दिला? विरोधी बाकांवर डॉक्टर टेट्टे मागे रेलून बसले होते, वर बघून मान लववत होते. म्हणजे हिरव्यांनी आणलं तिला. दुःखसुद्धा आयतं मिळालं की पक्ष लगेच त्याला पास काढून देतो.

“झेमेच्या माननीय सदस्या, निवेदन करतील,” अध्यक्ष म्हणाले.

ती उभी राहिली. पहिला परिच्छेद बरा होता. तो तिचाच होता. बोट, दिवस, मुलांची नावं. नावं तिनं सावकाश घेतली. “हं,” “अरेरे,” अशा आवाजांनी दोन्ही बाजू हलल्या. काहीजण फोन बघत होते, पण मान खाली घालून, म्हणजे शोकात शोभावं असं.

मग तो परिच्छेद आला.

ती थांबली. इद्रिसू तिच्याकडे बघत नव्हता, पण त्याचं पेन थांबलं होतं.

“पुढे, माननीय सदस्या,” अध्यक्ष म्हणाले. वय झालेले, सौम्य गृहस्थ. नियम त्यांना घरच्या औषधांसारखे पाठ होते.

“वाचते, अध्यक्ष महोदय. ‘काही बेजबाबदार स्थानिक रेडिओ केंद्रांनी शासनाच्या सुरक्षा साधनांची टिंगल केल्यामुळे हा अनर्थ ओढवला.’”

सत्ताधारी बाकं वाजली. जलवाहतूक मंत्री न्यार्को यांनी तर दोन्ही हातांनी वाजवलं. वर गॅलरीत लाल कापड जागचं हललं नाही. आकुवी फक्त बघत होती, बाजारात कुणी खराब मासा टोपलीवर ठेवला की ती बघायची तसं.

त्या बाकांच्या आवाजानंच झालं. नाहीतर सेफाकोर वाचून मोकळी झाली असती कदाचित. तिचं तिलाच नंतर सांगता आलं नसतं. पण नऊ पोरांच्या नावांनंतर माणसं बाकं वाजवत होती, आणि ती तिच्या नावानं वाजत होती.

“हो, टिंगल झाली,” ती कागद खाली ठेवून म्हणाली. “कशाची झाली ते सांगते.”

“हरकतीचा मुद्दा!” न्यार्को उठले. “निवेदनात लिहिलेलं नाही ते बोलता येत नाही.”

“जे मी लिहिलं ते काढलंत, जे मी नाही लिहिलं ते घातलंत, आता लिहिलेलं नाही म्हणून ओरडता? साहेब, जाकिटं होती त्या बोटीवर. फळ्यांखाली. गाठ मारलेली. कारण त्यांच्यावर फोटो होता!”

“माननीय सदस्या,” अध्यक्ष म्हणाले, “निवेदनावर वाद नको.”

“वाद नाही घालत, अध्यक्ष महोदय. मी फक्त झेमेच्या सदस्येबद्दल बोलते आहे. पोरांच्या जिवासाठी आलेल्या जाकिटांवर या बाईनं आपलं थोबाड छापून घेतलं. दात दिसू नयेत म्हणून फोटो निवडत बसली. मतं मोजून जाकिटं वाटली. निर्लज्ज आहे ही झेमेची सदस्य!”

असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. मग सत्ताधारी बाकांवरून पाच-सहाजण एकदम उठले.

“हरकतीचा मुद्दा, महोदय! सभागृहाच्या सदस्याला निर्लज्ज म्हटलं!”

“शब्द मागे घ्या!”

“माफी मागा!”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माननीय सदस्या, या सभागृहात कोणत्याही माननीय सदस्यांबद्दल असा शब्द वापरता येत नाही. तो मागे घ्या.”

“पण महोदय, ती सदस्य मीच आहे.”

“असेल. पण त्या माननीय सदस्या आहेत.”

विरोधी बाकांवर हशा फुटला. वर शाळेची पोरंही खिदळली आणि त्यांच्या बाईंनी त्यांना दटावलं. सेफाकोरला हसू आलं नाही. तिला असं वाटलं, की कुणीतरी तिच्या तोंडावर हात दाबून तिलाच समजावतंय, अगं, तुझ्या तोंडाच्या भल्यासाठीच.

“मी मागे घेत नाही,” ती म्हणाली. “त्या बाईला मी जन्मापासून ओळखते.”

“हिअर, हिअर!” डॉक्टर टेट्टे बाक बडवत उठले. “महोदय, आमचं तर पहिल्यापासून हेच म्हणणं आहे! माननीय सदस्या अगदी खरं बोलल्या! निर्लज्जच!”

“तुम्ही खाली बसा, टेट्टे!” सेफाकोर त्यांच्याकडे वळली. आता तिचा आवाज गावातला झाला होता, धक्क्यावरून बोटीला हाक मारायचा. “तुम्ही कशाला हसता? आमच्या धक्क्यावर सभा घेऊन काय म्हणाला होतात? ‘जो जांभळं जाकीट घालेल तो आपला नाही.’ म्हणाला होतात का नाही? तुम्हाला आपला-परका ठरवायला पोरांची छाती मिळाली? जाकीट घालायची बंदी तुमची, छापायची हौस माझी. दोन्ही पक्षांनी मिळून गाठ मारली त्या दोरीला, आणि आता दोन्ही पक्ष मिळून सांगता, रेडिओनं मारलं!”

“माइक बंद करा,” कुणीतरी म्हणालं, आणि माइक बंद झाला.

तिला कळलं, कारण स्वतःचा आवाज एकदम लहान वाटला. पण तिला काय. माइक नसतानाही तळ्यावरून हाका मारत वाढलेली बाई ती.

“नवी जाकिटं छापखान्यात आहेत! त्यांच्यावर दोन चेहरे आहेत! मंगळवारी शाळा आहे! कोण घालणार आहे ती? तुमचे मुलगे घालणार आहेत, न्यार्को? ते तर तळं बघायलासुद्धा विमानानं जातात!”

“महोदय, माझ्या मुलांना यात...”

“आणि आमच्या पोरांना कशात आणलं तुम्ही?”

हे शेवटचं सेफाकोर बोलली नव्हती. ते वरून आलं होतं. आकुवी कठड्याला पोट टेकून उभी होती.

“ए! सेफा! यांना विचार सरकारी लाँच कुठंय! बेटाची लाँच या मंत्र्याच्या गावी पर्यटकांना फिरवतेय! माझा रेडिओ बंद केलात म्हणून काय झालं? तोंड आहे मला अजून!”

“गॅलरीत शांतता!” अध्यक्षांनी हातोडा आपटला. मार्शल धावले. शाळेची पोरं बाजूला सरकली. दोन मार्शलांनी तिला दोन्ही दंडांना धरलं, पण नीटसं ओढवेना त्यांना. लाल नेसलेल्या बाईला हात लावायला आमच्याकडे मार्शलही बिचकतो. ती स्वतःच चालत गेली, जाताजाता एकाला म्हणाली, “हळू रे बाबा, तुझ्या आईच्या वयाची आहे.”

मग अध्यक्षांनी जे करायचं ते केलं. सदस्येबद्दलचे सर्व शब्द कामकाजातून काढून टाकावेत. डॉक्टर टेट्टे यांनी त्या शब्दांना दिलेला दुजोराही काढून टाकावा. गॅलरीतलं तर कामकाजात नसतंच. शब्द मागे घेण्यास नकार दिल्याबद्दल माननीय सदस्या सेफाकोर यांचं प्रकरण, माननीय सदस्या सेफाकोर यांचा अपमान केल्याबद्दल, हक्कभंग समितीकडे पाठवण्यात येत आहे. त्यांनी आजच्या बैठकीतून बाहेर जावं.

“समितीपुढं हे सगळं बोलता येईल ना, महोदय?” तिनं विचारलं. “तिथं वाद चालतो ना?”

इद्रिसूनं डोळे मिटले. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं होतं. निवेदनावर वाद करता येत नाही, पण हक्कभंगावर करावाच लागतो. साक्षीदार बोलवावे लागतात. वस्तू दाखवाव्या लागतात.

“येईल,” अध्यक्ष नाइलाजानं म्हणाले. “यथावकाश.”

यथावकाश म्हणजे मंगळवारच्या नंतर, खूप नंतर.

तिनं पिशवी उचलली. ती दाराशी पोचली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “आता आपण दिवंगतांसाठी एक मिनिट स्तब्ध उभे राहू,” आणि सगळं सभागृह खडखडत उभं राहिलं. माना खाली गेल्या. त्या शांततेत तिच्या सँडलचा आवाज फार मोठा झाला. कुणीतरी ‘श्श’ केलं.

*

आकुवी फाटकाबाहेर पाण्याची पिशवी दातानं फोडत उभी होती. थोडं प्यायली, थोडं तोंडावर मारलं.

“छापखाना कुठंय?” तिनं विचारलं.

“कानेशीला. आकुवी, मी...”

“मी तुला रडायला नाही विचारलं. गाडी कुठंय?”

दोघी पिकअपमध्ये बसल्या. सिग्नलला विकणाऱ्या पोरींनी खिडकीशी तळलेली केळी धरली. आकुवीनं घेतली आणि एकटीनंच खाल्ली. सेफाकोरचा फोन वाजत राहिला. इद्रिसू. शेवटी तिनं उचलला.

“ताई, तब्येत बरी आहे ना?” इद्रिसूचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“तिकीट कापलं का?”

“अजून नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत माफीचं पत्र...”

तिनं फोन ठेवला.

छापखान्याच्या अंगणात दोऱ्यांवर जाकिटं वाळत होती. नारिंगी कापड, त्यावर जांभळे-पिवळे पट्टे, आणि चेहरे. न्यार्को डावीकडे, ती उजवीकडे. वाऱ्यानं सगळी एकदम हलत होती, म्हणजे शंभरेक सेफाकोर एकदम मान डोलावत होत्या. छापखानेवाला हात पुसत आनंदानं पुढं आला.

“या या, मॅडम! बघा, रंग कसा बसलाय! मागच्या वेळेपेक्षा झकास आलाय की नाही फोटो?”

“कोरी किती आहेत?”

“कोरी?” त्यानं कोपऱ्यातला ढीग दाखवला. फार नव्हती. “ती उद्या करणार. काळजी करू नका.”

“ती करू नका. गाडीत टाका. सगळी आत्ताच नेते मी.”

“पण मंत्रालयाची ऑर्डर...”

“ऑर्डरवर सही कुणाची आहे?”

“तुमचीच. मागच्या वेळचीच ऑर्डर पुढं चालू आहे ना.”

“मग? इथं उभी आहे ती बाई.”

तो तिच्याकडे आणि मग आकुवीच्या लाल कापडाकडे बघून माणसांना हाक मारायला गेला.

सेफाकोरनं दोरीवरच्या एका जाकिटाला बोट लावून बघितलं. ओलं होतं. तिनं कोपऱ्यातला रॉकेलचा डबा आणि चिंधी घेतली आणि स्वतःचा चेहरा पुसायला लागली. आधी डोळे पसरले, मग हसू गालभर गेलं, मग नुसता जांभळा चिखल. तिनं आणखी जोरात घासलं. मंत्र्याचा चेहरा निघायला जास्त वेळ लागला. गाल मोठे होते.

आकुवी कमरेवर हात ठेवून बघत होती.

“आता बरी दिसतेस,” ती म्हणाली.

दोघींनी मिळून ओली पुसली. आकुवीचा हात सेफाकोरपेक्षा भराभर चालत होता. मासे साफ करणाऱ्या बाईचा हात. डाग पडले, वास सुटला, पण चेहरा उरला नाही. मग आतल्या बाजूच्या दोऱ्या आल्या. तिथली जाकिटं कालची, कडकडीत वाळलेली. सेफाकोरनं घासलं, नखानं खरवडलं. रंग कापडात गेला होता. ती हसतच राहिली.

“ही राहू देत,” सेफाकोर म्हणाली. “एवढी नेऊ. ज्यांना मिळतील त्यांना. बाकीची...”

“बाकीची पोरं काय करणार? पोहणार?”

“मग ही नेऊन काय उपयोग? कोण घालणार आहे? तूच तर...”

ती थांबली. पण वाक्य अंगणात पडलं होतं.

“मीच तर,” आकुवी म्हणाली. “बोल की. मीच तर सांगितलं होतं, घालू नका. एलिकेम घरात माझी नक्कल करायची, माहितीय? कमरेवर हात ठेवून. ‘सेफाकोरला कशाला धरू?’ सगळ्यांना हसवायची.” तिचा चेहरा रागानं असा ताणला गेला होता, की तिथून पाणी येणं शक्यच नव्हतं. “मी तुझ्यावर चिडलेय, सेफा. उद्याही चिडलेली असेन. तू माफी मागू नकोस, मला ती ठेवायला जागा नाही. पण मंगळवारी पोरं बोटीत बसणार आहेत.”

तिनं दोरीवरचं एक वाळलेलं जाकीट ओढून काढलं. मोठ्या मापाचं. हात घातले. लाल कापडावर ते घट्ट बसलं. पट्टे कमरेवर ओढून तिनं एकेक बकल लावलं. तिच्या छातीवर न्यार्को आणि सेफाकोर शेजारीशेजारी हसत होते, सेफाकोर दात न दाखवता.

“हे काय करतेस?” सेफाकोर म्हणाली. तिला तिकडं बघवेना.

“रेडिओ बंद केलाय तुमच्या लोकांनी. मी सांगू कुठून? हे घालून धक्क्यावर उभी राहते. रोज. बोटी भरताना. हिरवे थुंकतील, थुंकू देत. बेटावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे मी कोण आणि माझं काय गेलं. मी घातलंय म्हटल्यावर पोराला घालायला कोण नाही म्हणतं बघते.”

“आकुवी, निदान दुसरं घाल ना. पुसलेलं. कोरं घाल.”

“कोरं घालून काय सांगायचं मी? की चेहरा नसेल तरच जीव वाचवा?” तिनं शेवटचा पट्टा एवढ्या जोरात ओढला की छापखान्याचा माणूस वळून बघायला लागला. “असंच घालणार. जळत राहीन आतून, पण घालणार. आणि तू मला बघायला यायचंस. रोज नाही, निदान मंगळवारी. धक्क्यावर येऊन माझ्यासमोर उभी राहायचंस. खासदार म्हणून नाही.”

“येते.”

“बाकीची वाळलेली पण भर गाडीत. बघत काय उभी राहिलीस? तुझंच तोंड आहे, चावत नाही.”

सेफाकोरनं दोरीवरून स्वतःला एकेक करून काढायला सुरुवात केली. कवेत घेतलं आणि गाडीत टाकलं, पुन्हा घेतलं आणि पुन्हा टाकलं. खिशात फोन परत वाजायला लागला होता. आकुवी ते जाकीट तसंच अंगावर ठेवून पुढच्या सीटवर चढली आणि दार आपटून घेतलं.